बाबांच्या परफ्यूजन एमआरआयला डाय कमी चालेल का?

सांगलीची_लेक: बाबा 67 वर्षांचे, वजन 60 किलो. मेंदूतल्या ग्लायोमाचं (गाठीचं) ऑपरेशन झालंय, दर तीन महिन्यांनी परफ्यूजन एमआरआय (गाठीतला रक्तपुरवठा दाखवणारा स्कॅन) असतो. मागच्या वेळी डाय दोनदा दिला. शीर सुजून निळी पडली, घरी येईपर्यंत हात मांडीवर जपून धरून बसले होते. एवढं गॅडोलिनियम (डायमधला धातू) लागतंच का?

एमआरआय_तंत्रज्ञ: ताई, दुसऱ्यांदा देण्यामागे कारण असतं. गाठीच्या रक्तवाहिन्या गळक्या असतात. डाय बाहेर झिरपला की रक्ताचं प्रमाण प्रत्यक्षाहून कमी दिसतं, म्हणून आधी थोडा डाय देऊन ठेवायचा. पण 2020 मध्ये तज्ज्ञांनी सुचवलेल्या पद्धतीत 3 टेस्ला (चुंबकाची ताकद) मशीनवर फ्लिप अँगल (स्कॅनची एक सेटिंग) 30 अंशांवर आणला, तर हाय-ग्रेड (वेगाने वाढणाऱ्या) ग्लायोमात एकच पूर्ण डोस पुरतो: किलोमागे 0.1 मिलीमोल. गॅडोब्युट्रॉल नावाचा डाय असेल तर बाबांना 6 मिली. इंजेक्टर ते सेकंदाला 4-5 मिली वेगाने सोडतो, दीड सेकंदात संपतं! म्हणून कोपराजवळची जाड शीर मागा, मनगटाची नको.

डॉ_रेडिओ: सहमत. फक्त पद्धत बदलली तर जुन्या स्कॅनशी आकडे थेट ताडू नका, रिपोर्ट करणाऱ्यांना आधीच सांगा. आणि ईजीएफआर (किडनी किती काम करते त्याचा आकडा) किती आहे? 30 च्या खाली असेल तर आधी बोलायलाच हवं.

सांगलीची_लेक: 58 आहे. सोमवारी अपॉइंटमेंट आहे, फ्लिप अँगलचं कागदावर लिहून नेते.