चर्चा : वृत्तपत्रातील सदरलेखन हा पूर्णवेळ व्यवसाय मानावा का?

अर्थशिक्षिका, सोलापूर :
मी एका महाविद्यालयात तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवते. गेल्या जानेवारीत एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत माझे पाक्षिक सदर सुरू झाले आणि मराठी वृत्तपत्रांच्या रिवाजाप्रमाणे डिसेंबरात निरोपाचा लेख लिहून संपले. नव्या वर्षासाठी दोन ठिकाणांहून विचारणा झाली आहे आणि तासिका सोडून हेच काम पूर्णवेळ करावे, असे मी मनाशी ठरवत आणले आहे. सदर ही हौस आहे, त्यावर पोट भरत नाही, असे मला सगळेच सांगतात. हे मत मला मान्य नाही.

फेब्रुवारी 2023 मध्ये आमच्या बाजार समितीत 512 किलो कांदा विकून बार्शी तालुक्यातील एका शेतकऱ्याच्या हाती दोन रुपयांचा धनादेश पडला, ही बातमी देशभर गेली होती. बातमीने आकडा सांगितला. मला त्या आकड्यामागची पट्टी, म्हणजे शेतकऱ्याला मिळणारा विक्रीचा हिशेब, उलगडून दाखवायची होती. त्यासाठी मी तीन वेळा पहाटे मार्केट यार्डात गेले आणि शेतकऱ्यांकडच्या पट्ट्या वहीत उतरवून घेतल्या. पट्टीवर वरच्या भागात गोण्या, वजन आणि भाव असतो, तर खाली हमाली, तोलाई, मोटारभाडे अशा वजावटी एकाखाली एक येतात. फळे-भाजीपाल्याची अडत (दलाली) 2016 पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचा नियम झाला, तरी भाव कोसळला की उरलेल्या वजावटीच सगळा माल खातात, हे त्या पट्ट्या वाचल्यावरच कळते. असा लेख दोन तासिकांच्या मधल्या वेळेत लिहून होत नाही. ज्या कामाला पूर्ण वेळ लागतो, ते पूर्णवेळ करण्याजोगे का मानू नये?

निवृत्त उपसंपादक, पुणे :
आपली तळमळ मला समजते, तरीही मी स्पष्टपणे विरोध करतो. मराठीतील कितीतरी उत्तम सदरे दुसऱ्या कामाच्या आधाराने वाढली. लोकहितवादींनी 1848 ते 1850 या काळात ‘प्रभाकर’ साप्ताहिकातून शतपत्रे लिहिली, तेव्हा ते सरकारी नोकरीत होते. ‘ललित’ मासिकात ठणठणपाळ या नावाने लिहिणारे जयवंत दळवी अमेरिकन माहिती खात्यात काम करत. द्वारकानाथ संझगिरी मुंबई महापालिकेत अभियंता होते आणि क्रिकेटवर लिहीत. सदर बंद झाले तरी यांच्यापैकी कोणाच्या घरची चूल विझणार नव्हती, आणि त्यामुळे लिहिताना त्यांना संपादकाची मर्जी सांभाळावी लागली नाही.

मार्च 2020 मध्ये मुंबईत काही दिवस वृत्तपत्रांची छपाईच थांबली आणि पुढे पुरवण्यांची पाने घटली. त्या वेळी आमच्या कार्यालयात सर्वांत आधी सदरे थांबवली गेली, कारण सदरलेखकाला नोटीस द्यावी लागत नाही, त्याची कसली देणी चुकवावी लागत नाहीत, एक दूरध्वनी पुरतो. ते दूरध्वनी मी स्वतः केले आहेत. पलीकडून एका लेखकाने फक्त एवढेच विचारले की, पुढच्या रविवारचा लेख तयार आहे, तो तरी छापाल का? मला नाही म्हणावे लागले.

वाचक, चंद्रपूर :
उपसंपादक महोदयांचा अनुभव खरा आहे, पण त्यातून त्यांनी काढलेला निष्कर्ष मला घातक वाटतो. भरल्या घरच्या माणसानेच सदर लिहावे असे ठरले, तर मताच्या पानावर निवृत्त अधिकारी, कायम नोकरीतील प्राध्यापक आणि पुण्या-मुंबईचे डॉक्टर यांचेच जग दिसत राहील. आमच्या जिल्ह्यातील कोळसा खाणींवर आणि जंगलालगतच्या गावांतील वाघांच्या हल्ल्यांवर मी वर्षानुवर्षे वाचतो, ते बहुधा एकदा दौरा करून गेलेल्या माणसाने लिहिलेले असते. जो इथे राहतो आणि ज्याला लिहिता येते, त्याला महिन्याचा किराणा भरायचा असल्यामुळे तो लिहीत नाही.

शिवाय नोकरीमुळे निर्भयता येते, हेही सरसकट खरे नाही. लोकहितवादी हे टोपणनाव होते, हे विसरू नये. विष्णुशास्त्री चिपळूणकरांनी तर 1879 मध्ये सरकारी शाळेतील नोकरीच सोडली.

निवृत्त उपसंपादक, पुणे :
चिपळूणकरांचे उदाहरण माझ्याच बाजूने जाते. 1874 पासून निघणारे निबंधमाला हे मासिक त्यांचे स्वतःचे होते. पुढे त्यांनी शाळा काढली, छापखाना उभारला, पुस्तकांचे दुकान घातले. ते दुसऱ्याच्या पानावर अवलंबून नव्हते. मात्र आपल्या पहिल्या मुद्द्याला माझ्यापाशी उत्तर नाही, हे मान्य करतो. आमच्या पानावर वर्षानुवर्षे कोण लिहीत होते, ते आठवले की आपले म्हणणे पटते.

मुक्त लेखक, नाशिक :
गेली बारा वर्षे मी लेखनावर घर चालवतो, म्हणून दोन्ही बाजूंना थोडे सांगतो. निव्वळ सदराच्या मानधनावर माझे घर एकही महिना चालले नाही. भाषांतरे, दिवाळी अंक, व्याख्याने आणि माहितीपटांच्या संहिता यांवर ते चालते, परंतु ही बहुतेक कामे सदरामुळे ओळख झालेल्या माणसांकडूनच आली. एका नियतकालिकाने पाच लेखांचे मानधन न देताच अंक बंद केला. ते पैसे बुडाले. पैसे बुडाल्यापेक्षा मला एक वेगळी गोष्ट जास्त लागली होती. माझ्या एका लेखाचे पान लागल्यानंतर रात्री उशिरा जाहिरात आली आणि शेवटचा परिच्छेद उडाला. सगळा युक्तिवाद त्या परिच्छेदात होता. दुसऱ्या दिवशी वाचकांनी विचारले की, तुमचे म्हणणे नेमके काय होते? तेव्हापासून मी मुख्य मुद्दा तिसऱ्या परिच्छेदाच्या आत आणतो. अर्थशिक्षिकाताईंनी ही सवय पहिल्या लेखापासून लावून घ्यावी.

वकील, ठाणे :
चर्चेत सुटलेला मुद्दा कराराचा आहे. श्रमिक पत्रकारांना 1955 च्या कायद्याने जे संरक्षण दिले आणि पत्रकारांचे वेतन ठरवण्यासाठी नेमलेल्या मजिठिया वेतन मंडळाच्या ज्या शिफारशी सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये वैध ठरवल्या, ते सारे वृत्तपत्राच्या नोकरीतील माणसांसाठी होते (2025 मध्ये त्या कायद्याची जागा नव्या श्रमसंहितांनी घेतली). बाहेरून लिहिणारा सदरलेखक नोकरीत नसल्यामुळे त्यात बसला नाही, आणि म्हणूनच एका दूरध्वनीवर त्याचे काम थांबते. पण 1957 चा स्वामित्व हक्क कायदा त्याच्या बाजूने आहे. नोकरीत नसलेला लेखक आपल्या लेखाचा पहिला हक्कदार असतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी द्यावा लागतो, आणि त्या करारपत्रात मुदत नमूद केली नसेल, तर ती पाच वर्षांची धरली जाते.

आपल्याकडे सदर बहुतेक तोंडी ठरते. लेख मागवला पण छापला नाही तर काय, मानधन किती दिवसांत मिळणार, वर्ष संपण्याआधी सदर थांबवले तर किती लेखांचे पैसे देणार आणि पुस्तकाचा हक्क कोणाकडे राहणार, एवढे चार मुद्दे एका पत्रावर लिहून घ्यावेत.

अर्थशिक्षिका, सोलापूर :
सर्वांची मनापासून आभारी आहे. उपसंपादक सरांच्या त्या दूरध्वनीचा प्रसंग माझ्या डोक्यातून जात नाही, पण चंद्रपूरच्या वाचकांचे म्हणणे मला त्याहून जवळचे वाटते. मी सत्र संपेपर्यंत तासिका घेईन आणि त्यानंतर सोडेन.

वकील महोदयांनी सांगितलेले चार मुद्दे मी दोन्ही दैनिकांना लिहून पाठवले. एकाने पत्र देण्याचे कबूल केले आहे. दुसऱ्याने ‘आमच्याकडे अशी पद्धत नाही’ असे कळवले, त्यामुळे ते सदर मी घेणार नाही. नव्या सदराचा पहिला लेख यार्डातील हमालांच्या मजुरीवर आहे. 1969 च्या माथाडी कायद्याने त्यांना काय दिले आणि पट्टीवरची हमाली त्यांच्या हातात किती पोहोचते, ते मला त्यांच्याकडूनच समजून घ्यायचे आहे. उद्या पहाटे पाचला तिथे जात आहे.