विषय: एम१ आणि मधली लेन

प्रेषक: नॉर्दम्प्टन

नमस्कार मंडळी,
गणपतीला लेस्टरकडे बऱ्याच गाड्या इंग्लंडमधल्या एम१ मोटरवेनं येतील. काहीजण अजून भारतातल्या लायसन्सवर, पहिल्या बारा महिन्यांच्या मुदतीत चालवणारे आहेत. ‘ट्रक डावीकडे, आपण मधल्या लेनमध्ये निवांत, कोणाला त्रास नाही’ असं मागच्या मेलमध्ये कोणीतरी लिहिलंय. हे चालतं का? जाणकारांनी खुलासा करावा.

प्रेषक: कॉव्हेंट्री

नाही चालत. इथे चालायची लेन डावी. मधली आणि उजवी, दोन्ही ओव्हरटेकसाठी. काम झालं की परत डावीकडे (हायवे कोड म्हणजे इथलं वाहतूक नियमांचं पुस्तक, नियम २६४). मधल्या लेनमध्ये विनाकारण ठाण मांडलं तर ऑगस्ट २०१३ पासून पोलीस १०० पौंड दंड आणि लायसन्सवर ३ पेनल्टी पॉइंट लावू शकतात. इथली टेस्ट पास झाल्यावर पहिल्या दोन वर्षांत ६ पॉइंट झाले की लायसन्स रद्द आणि पुन्हा लर्नर. नवख्याला असे दोन दंड पुरतात.

सवय कुठून येते हे उघड आहे. आपल्याकडे डावीकडे रिक्षा, दुचाक्या, उलटा येणारा ट्रॅक्टर, कडेला उभा टेम्पो. शहाणा माणूस तिथून लांबच राहणार. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर दुचाकी-रिक्षांना बंदी असूनही ट्रक उजव्या लेनमध्ये रेंगाळतात, मग बाकीचे डावीकडून काढतात आणि लेन कटिंग सुरू होतं.

आता ‘त्रास नाही’ याबद्दल. तीन लेनच्या मोटरवेवर साडेसात टनांवरच्या ट्रकला उजव्या लेनमध्ये जायला बंदी आहे, आणि त्याचा वेग लिमिटरने ताशी ५६ मैलांवर बांधलेला असतो. तुम्ही मधून ५४ ने रमतगमत गेलात तर मागच्या ट्रकला वाटच उरत नाही. कारवाल्याला वाट आहे, पण डाव्या लेनमधून निघून तुम्हाला मागे टाकून परत डावीकडे यायचं तर चार वेळा लेन बदलावी लागते. डावीकडून काढायला नियम २६८ मनाई करतो. गर्दीत सगळ्या लेन साधारण सारख्याच वेगाने सरकत असताना आपली लेन जरा पुढे गेली तर हरकत नाही. मुद्दाम डावीकडे घुसून पुढे जायचं नाही.

प्रेषक: मिल्टन कीन्स

काका, सगळं मान्य. पण हे वाचून लोक दोन ट्रकमधल्या प्रत्येक फटीत शिरू लागतील, ते जास्त वाईट. हिशेब करून बघा. ७० मैलांना तुम्ही सेकंदाला ३१ मीटर जाता, ५६ वरचा ट्रक २५. फरक ६ मीटरचा. पुढच्या गाडीपासून ठेवायचं दोन सेकंदांचं अंतर सुमारे ६० मीटर होतं. तेवढं मागे टाकलेल्या ट्रकच्या पुढे आणि तेवढंच पुढच्या ट्रकच्या मागे सोडायला हवं. दोन ट्रकमध्ये ३०० मीटर असतील तर डावीकडे अर्धा मिनिट मिळतो, तेव्हा परत यायचंच. १५० असतील तर जेमतेम पाच सेकंद; मधेच राहा, पण रेंगाळू नका. अंदाज येत नसेल तर कडेचे छोटे मार्कर पोस्ट बघा, दर १०० मीटरवर एक असतो. पावसात दोन सेकंदांचे चार.

बरेचजण डावी लेन टाळतात ती आपण चुकून बाहेर पडू या भीतीने. जंक्शनला डावी लेन बहुतेक ठिकाणी सरळच जाते. ती बाहेर जाणार असेल तर वरच्या पाटीवर तिचा बाण वेगळा फुटतो आणि लेनमधल्या तुटक रेषा आखूड व जाड होतात. रात्री रिफ्लेक्टर सांगतात: डाव्या कडेला लाल, लेनमध्ये पांढरे, दुभाजकाशी पिवळसर, स्लिप रोडच्या (मोटरवेवर चढायच्या-उतरायच्या रस्त्याच्या) तोंडाशी हिरवे.

प्रेषक: लूटन

डिपरचं राहिलं. आपल्याकडे डिपर मारला की ‘मी येतोय, थांब’. इथे बहुधा उलट, ‘ये, तू जा’. ओव्हरटेक करणाऱ्या ट्रकची शेपूट पुढे निघाली की मागे पडलेला ट्रकवाला डिपर देऊन त्याला आत बोलावतो. हायवे कोडला (नियम ११०) मात्र ‘मी इथे आहे’ एवढाच अर्थ मान्य आहे, म्हणून दुसऱ्याच्या डिपरवर विसंबून लेन बदलू नका. आरसा आणि खांद्यावरून एक नजर.

हॅझर्ड लाइट लावून पावसात गाडी चालवायची सवय इथे सोडा, तुमचा इंडिकेटर कोणाला कळत नाही. पुढे ट्रॅफिक एकदम थांबलं तर मागच्याच्या लक्षात येईपर्यंत लावा, मग बंद. लेनच्या वरच्या पाटीवर लाल फुली दिसली की लेन रिकामी असली तरी बाहेर पडायचं. कॅमेरे आहेत, दंड तोच, १०० आणि ३.

मखराचं सामान ट्रेलरने आणणाऱ्यांनी लक्षात ठेवा: ट्रेलर जोडला की मोटरवेवर मर्यादा ६० मैल, आणि तीन किंवा जास्त लेनच्या मोटरवेवर उजवी लेन तुम्हालाही बंद.