अनुभव धागा: रुग्णासोबत थांबणाऱ्यांची सोय, आणि ती करणारे (किंवा न करणारे) प्रमुख

वडिलांच्या शस्त्रक्रियेच्या रात्री ऑपरेशन थिएटरबाहेर तीन खुर्च्यांचा एक लोखंडी जोड होता. त्यातली मधली खुर्ची मोडलेली. आम्ही पाच जण आळीपाळीने बसलो. पिण्याच्या पाण्याच्या यंत्रावर 'बंद आहे' अशी चिठ्ठी होती, आणि तीही इतकी जुनी की तिची चिकटपट्टी पिवळी पडली होती. चार वर्षांनी आईला घेऊन तिथेच गेले, तर खुर्च्या धड, पाणी चालू, आणि दाराशी एक बाई प्रत्येकाला विचारत होत्या, "तुम्ही कुणासोबत आलात?" इमारत तीच, डॉक्टरही बहुतेक तेच. मधल्या काळात वैद्यकीय संचालक तेवढे बदलले होते.

तेव्हापासून मी कुठल्याही रुग्णालयात आधी नातेवाइकांची बसायची जागा बघते. वरच्या खुर्चीतला माणूस खाली उतरून येतो की नाही, हे तिथे लगेच कळतं. तुम्ही काय पाहिलंत ते लिहा. मोठ्या चकचकीत संस्थांपेक्षा वस्तीतल्या, विश्वस्तांनी चालवलेल्या मध्यम रुग्णालयांचे अनुभव जास्त हवे आहेत. नावं मात्र कुणाचीच नकोत.

आयसीयूबाहेर अकरा दिवस

माझे यजमान आत होते. बाहेर मी एकटी. पहिले चार दिवस सर्वांत मोठी अडचण कोणती होती सांगू? बाथरूमला जायची. डॉक्टर कधी बाहेर येतील याची काही वेळ नव्हती. ते येणार, "अमुकचे नातेवाईक कोण?" असं विचारणार, कुणी उठलं नाही तर निघून जाणार. एकदा तसं झालंही. मी तोंड धुवायला गेले आणि त्या दिवसाची सगळी माहिती हुकली. त्यानंतर मी पाणी पिणंच कमी केलं.

पाचव्या दिवशी सकाळी एक वयस्कर बाई शेजारी येऊन बसल्या. मला वाटलं, त्यांचंही कुणी आत असेल. त्यांनी विचारलं, "इथे बसून सगळ्यात जास्त कशाचा त्रास होतो?" मी वरचं सगळं सांगितलं. थोडं रडलेही. त्या रुग्णालयाच्या नव्या प्रमुख होत्या, हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, कारण दुसऱ्या दिवशी आयसीयूच्या दारावर फलक लागला होता: डॉक्टर नातेवाइकांना सकाळी ११ आणि संध्याकाळी ५ वाजता भेटतील. खाली लिहिलं होतं की मध्ये काही घडलं तर सिस्टर फोन करतील, नंबर लिहून ठेवा. एक वही आणि दोरीला बांधलेलं पेन.

याला खर्च किती आला असेल? फलकाचा आणि वहीचा. त्या दिवशी मी खाली जाऊन नीट हातपाय धुतले, केस विंचरले आणि अर्धा तास झोपले. यजमान पुढे बरे होऊन घरी आले. पण ते आले नसते तरी त्या वहीबद्दल मी हेच लिहिलं असतं.

फक्त एक गोष्ट

प्लग! पूर्ण मजल्यावर एकच चालू प्लग, आणि त्याभोवती आठ माणसं. रक्तदाता शोधायचा तो फोनवर, घरी कळवायचं ते फोनवर, विम्याचे कागद मागवायचे तेही फोनवर. चार्जिंग ही चैन नाही, एवढंच मला सांगायचं आहे.

रात्रपाळीची सिस्टर

सव्वीस वर्षं वॉर्डात काढली आहेत, म्हणून दुसरी बाजूही लिहिते. आमच्याकडे रात्री आठला सगळ्या नातेवाइकांना बाहेर काढायचा नियम होता. मीही तो कडकपणे पाळला. गर्दी झाली की संसर्ग वाढतो, आवाज वाढतो, औषधं देताना चूक होण्याची भीती असते. हे सगळं खरंच आहे. जागतिक आरोग्य संघटनेने १९९९ मध्ये रुग्णालयातल्या खोल्यांसाठी रात्रीच्या आवाजाची सरासरी ३० डेसिबल असावी असं सुचवलं होतं. आमच्या वॉर्डात नुसत्या ट्रॉलीच्या चाकाने त्याच्या वर आवाज जायचा.

पण एका रात्री नवे अधीक्षक न सांगता राऊंडला आले, रात्री दोन वाजता. स्मृतिभ्रंश झालेले एक आजोबा सलाईनची नळी सारखी ओढत होते, आणि आम्ही दोघी तीस रुग्णांमध्ये धावत होतो. अधीक्षकांनी विचारलं, "यांच्या घरचं कुणी आहे?" मुलगी खाली प्रवेशद्वाराशी जमिनीवर चादर टाकून पडली होती. तिला वर बोलावलं. तिने आजोबांचा हात हातात घेतला, त्यांना लहानपणीच्या नावाने हाक मारली, आणि दहा मिनिटांत ते झोपले. आम्हाला ते दोन तासांत जमलं नव्हतं.

त्यानंतर आमच्याकडे गोंधळलेल्या वृद्ध रुग्णांजवळ एका माणसाला रात्रभर राहू देतात. इंग्लंडमध्ये २०१४ साली याच मागणीसाठी 'जॉन्स कॅम्पेन' नावाची मोहीम सुरू झाली, हे मला पुढे एका प्रशिक्षणात कळलं. आमच्या साहेबांना ती माहीत होती की नाही, देव जाणे. त्यांनी रात्री दोनला येऊन जे दिसलं त्यावरून ठरवलं. पाठ मागे कलणाऱ्या सहा खुर्च्याही आणल्या आणि ट्रॉलीच्या चाकांना रबर बसवलं.

काचेपलीकडची आई

सिस्टरबाई, तुमचं वाचून राहवलं नाही. मी पाच वर्षांची असताना तीन आठवडे रुग्णालयात होते. आईला आत सोडत नसत. ती रोज काचेच्या दाराशी उभी राहायची, मी पलंगावरून बघायची. "मूल रडतं, म्हणून भेटू नये" असं तेव्हा सांगत. आई दारातून निघून गेल्यावर मी रडणं थांबवलं, तर सगळ्यांना वाटलं मी रुळले. मी रुळले नव्हते. ती मला सोडून गेली असं मी धरून चालले होते.

मोठी होऊन मी बालरोग विभागातच काम केलं. मुलांना भेटायला पालकांवर वेळेचं बंधन नसावं, अशी शिफारस ब्रिटनमध्ये प्लॅट समितीने १९५९ मध्येच केली होती. पण शिफारस कागदावर असणं वेगळं आणि पलंगाशेजारी आईसाठी गादी असणं वेगळं. आमच्या विभागप्रमुख बाईंनी ती गादी मिळवायला विश्वस्तांशी दोन वर्षं भांडण केलं. मी निवृत्त झाले त्या दिवशी प्रत्येक पलंगाखाली एक घडीची गादी होती.

व्हीलचेअरवरून

मी रुग्ण नव्हतो, बहिणीला भेटायला गेलो होतो. रुग्णांच्या शौचालयात खुर्ची जात होती, पण ते 'फक्त रुग्णांसाठी'. पाहुण्यांच्या शौचालयाचं दार आतल्या बाजूला उघडत होतं, त्यामुळे आत गेल्यावर ते लावताच येईना. भेटायला येणाराही अपंग असू शकतो, हे नकाशा काढताना कुणाच्या मनात आलं नव्हतं. तक्रारवहीत लिहिलं. पुढच्या भेटीत दार बाहेर उघडत होतं. कुणी वाचलं, कुणी सुतार बोलावला, माहीत नाही. त्यांचे आभार.

प्रशासनात असलेला एक जण

मी अशाच एका रुग्णालयाचा कारभार पाहतो. इथल्या तक्रारी वाचून वाईट वाटतं, पण त्या खऱ्या आहेत. अंदाजपत्रकात नातेवाइकांच्या सोयी सगळ्यात शेवटी येतात आणि सगळ्यात आधी कापल्या जातात. देणगीदाराला यंत्रावर नावाची पाटी हवी असते. शौचालयासाठी देणगी मागायला माझीच जीभ अडखळते.

दोन वर्षांपूर्वी मी एक दिवस ओळखपत्र खिशात घालून बाहेरच्या माणसासारखा आलो. 'क्ष-किरण विभाग' असा बाण धरून गेलो, तर भांडारगृहाच्या कुलपापाशी पोचलो. विभाग केव्हाच हलवला होता, बाण तसाच राहिला. तीन ठिकाणी विचारलं, तीन वेगळी उत्तरं मिळाली. दुपारी कॅन्टीन बंद, कारण त्यांची वेळ आमच्या कर्मचाऱ्यांच्या सोयीने लावलेली. ज्या इमारतीत मी नऊ वर्षं येतो तिथे मी हरवलो.

विश्वस्तांसमोर हे मांडताना एक जुना अभ्यास कामी आला. रॉजर उलरिक यांचा, १९८४ सालचा. पित्ताशयाच्या शस्त्रक्रियेनंतर ज्यांच्या खिडकीतून झाडं दिसत होती, ते रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली. २३ जोड्यांचाच अभ्यास, छोटा. पण 'जागेचाही उपचारावर परिणाम होतो' एवढं बैठकीत मान्य झालं. बाण बदलले. कॅन्टीनची वेळ बदलली. पाहुण्यांसाठी अंघोळीची सोय अजून झालेली नाही, ती माझ्यावर बाकी आहे.

लिफ्टसमोर

मला थोडं वेगळं सांगायचं आहे. आमच्या बाबांना ठेवलं होतं तिथे सोयी उत्तम होत्या. मऊ कोच, कुंड्या, थंडगार हवा. पण बाबा गेल्याचं आम्हाला लिफ्टसमोर उभ्याउभ्या सांगितलं. सांगणाऱ्या डॉक्टरांनी स्वतःचं नाव सांगितलं नाही. लिफ्टचं दार उघडलं, माणसं बाहेर आली, आमच्याकडे बघत गेली. आई भिंतीला धरून खाली बसली.

डॉ. केट ग्रेंजर या इंग्लंडमधल्या डॉक्टर स्वतः कर्करोगाने आजारी होत्या. २०१३ मध्ये त्या रुग्ण म्हणून दाखल झाल्या, तेव्हा त्यांना जाणवलं की येणारे अनेक जण आपलं नावही सांगत नाहीत. त्यावरून त्यांनी 'हॅलो, माय नेम इज' ही मोहीम सुरू केली. मी हे वाचलं तेव्हा मला तो लिफ्टसमोरचा डॉक्टर आठवला. तोही तरुण होता, थकलेला होता. त्याला कुणी शिकवलंच नसावं, आणि बसून सांगायला त्याच्याकडे खोलीही नव्हती.

मी रुग्णालयाला पत्र लिहिलं. पाच आठवड्यांनी प्रमुखांचा स्वतः फोन आला. त्यांनी सबबी सांगितल्या नाहीत. "या, दाखवा मला कुठे सांगितलं ते," म्हणाले. मी गेलो. आम्ही दोघं त्या लिफ्टसमोर उभे राहिलो. दार दोनदा उघडलं. ते काही बोलले नाहीत.

आता त्या मजल्यावर कोपऱ्यात एक छोटी खोली आहे. चार खुर्च्या, पाण्याचा जग, मंद दिवा. तिला दोन दारं आहेत. एक वॉर्डाकडून आत यायचं, आणि दुसरं थेट मागच्या जिन्यावर उघडणारं, म्हणजे रडत बाहेर पडणाऱ्याला सगळ्यांसमोरून जावं लागत नाही.