रोम टोटल वॉर : कॉरिंथ तिसऱ्यांदा हातातून गेले, मदत हवी आहे

रात्रपाळी
नमस्कार. रोम टोटल वॉर या संगणकीय खेळात मी ब्रुटी या रोमन घराण्याकडून मोहीम खेळत आहे आणि कॉरिंथ या एका शहराने मला जेरीस आणले आहे. मॅसेडोनियाकडून ते जिंकून घेतल्याला बारा वर्षे, म्हणजे चोवीस टर्न (खेळातल्या पाळ्या), झाले. एवढ्या काळात तेथील लोकांनी तीन वेळा बंड करून माझे सैन्य शहराबाहेर काढले. प्रत्येक वेळी मी वेढा घालून शहर परत घेतो, मोडलेल्या इमारती दुरुस्त करतो, आणि सेनापती घेऊन थेसालोनिकाच्या वाटेला लागलो की दोन-तीन टर्नमध्ये कॉरिंथच्या नावाशेजारचा चेहरा पुन्हा लाल होतो. कर कमी ठेवला आहे, मंदिर दुरुस्त केले आहे, आत त्रिआरींच्या, म्हणजे कसलेल्या रोमन भालाइतांच्या, दोन तुकड्या ठेवल्या आहेत. याहून अधिक काय करावे? संपूर्ण शनिवार-रविवार यात गेला. कृपया नेमका उपाय सांगावा. शोधाशोध करून झाली आहे, त्यामुळे पुन्हा शोधायला सांगू नये.

तिसरा प्रहर
आपण कोणता रोम खेळत आहात ते लिहिलेले नाही. ब्रुटी घराणे आहे म्हणजे 2013 चा रोम टू नव्हे, हे उघड आहे. परंतु 2004 चा मूळ खेळ आणि 2021 चा रीमास्टर्ड यांपैकी कोणता? शिवाय सैन्याच्या तुकड्यांचा आकार कोणता निवडला आहे? आणि शहर परत घेतल्यावर आपण काय करता : नुसता ताबा घेता, लोकांना गुलाम करता, की कत्तल?

रात्रपाळी
मूळ खेळ. आकार नॉर्मल. नुसता ताबा घेतो, कारण मला त्या शहराचा कर हवा आहे. तुकड्यांच्या आकाराचा बंडाशी काय संबंध, हे मात्र समजले नाही.

गडकोट
उत्तर अगदी सरळ आहे आणि मी वीस वर्षे हेच करत आलो आहे. पुढच्या वेळी शहर घेताना कत्तलीचा पर्याय निवडा. लोकसंख्येचा तीन चतुर्थांश भाग नाहीसा होतो, खजिन्यात भरपूर लूट येते, आणि उरलेल्या लोकांवर दोन तुकड्या सहज पुरतात. मोठे परकीय शहर नुसता ताबा घेऊन कधीही शांत राहत नाही. आता शहर आपल्याकडे असेल, तर कर मुद्दाम वाढवून एकदा बंड होऊ द्या आणि मग परत घ्या.

शिलालेख
गडकोट, खेळाच्या हिशेबात आपण म्हणता ते बसते, हे मान्य आहे. परंतु कॉरिंथच्या बाबतीत हा सल्ला वाचताना मन थबकते, कारण नेमके हेच तेथे प्रत्यक्षात घडले आहे. इ.स.पू. 146 मध्ये रोमन सेनापती लुसियस मुम्मियसने कॉरिंथ घेतले, पुरुषांची कत्तल झाली, स्त्रिया व मुले गुलाम म्हणून विकली गेली आणि शहर उद्ध्वस्त केले गेले. कार्थेजचा विनाशही त्याच वर्षीचा. ग्रीक इतिहासकार पॉलिबियसने स्वतः पाहिलेले एक दृश्य भूगोलकार स्ट्रॅबोने नोंदवून ठेवले आहे : नामांकित चित्रकारांची चित्रे जमिनीवर पडलेली होती आणि रोमन सैनिक त्यांच्यावर सोंगट्या मांडून खेळत होते. पुढे इ.स.पू. 44 मध्ये ज्युलियस सीझरने त्या जागी नवी वसाहत वसवण्याचे ठरवले, म्हणजे दोन बंदरांच्या मधली, दोन्ही समुद्रांचा व्यापार हाताशी असलेली ती जागा रोमने शंभर वर्षे वाया घालवली होती. ज्याला त्या शहराचा कर हवा आहे, त्याला हा उपाय सुचवणे मला योग्य वाटत नाही.

गडकोट
मला इतिहासाचा आदर आहे, परंतु प्रश्न इतिहासाचा नाही. प्रश्नकर्त्याला थेसालोनिका घ्यायचे आहे आणि पाठीमागचे शहर शांत हवे आहे. कत्तलीनंतर पंचवीस-तीस टर्न तेथे कोणीही हूं का चूं करत नाही, हा माझा अनुभव आहे.

भालाईत
आपण थेसालोनिकाकडे निघाला आहात म्हणून सांगतो. मॅसेडोनियाच्या फॅलँक्सवर, म्हणजे लांब भाल्यांच्या दाट रांगेवर, समोरून कधीही चालून जाऊ नका. हस्तातींना (रोमन पायदळाला) समोर फक्त थोपवून धरायला लावा, दोन्ही बगलांवरून घोडदळ फिरवा आणि पाठीवर घाला घाला. भाले खाली झुकवलेल्या रांगेला पटकन वळता येत नाही. शहराच्या वेढ्यात मात्र अरुंद रस्त्यात फॅलँक्स उभी राहिली तर बगल सापडतच नाही, म्हणून दोन ठिकाणांहून तटबंदी फोडावी आणि चौकात त्यांच्या मागे निघावे.

रात्रपाळी
भालाईत, आभारी आहे, परंतु लढाया मी जिंकतो आहे. अडचण शहराची आहे.

मूळ प्रत
या खेळातील मूळ मोहीमच इतिहासाला धरून नाही, त्यामुळे अशा अडचणी येणारच. रोमचे तीन घराण्यांत तुकडे करून त्यांना लाल, हिरवा आणि निळा रंग देणे यात इतिहास कोठे आहे? आपण युरोपा बार्बारोरम हे मॉड, म्हणजे चाहत्यांनी केलेले खेळाचे बदललेले रूप, घालून पाहा. मोहीम इ.स.पू. 272 पासून सुरू होते, वर्षाला दोनऐवजी चार टर्न मिळतात, आणि जिंकलेला प्रदेश कोणत्या पद्धतीने राखायचा याचा विचार तेथे फार गांभीर्याने केलेला आहे.

तिसरा प्रहर
मूळ प्रत, ते मॉड मलाही प्रिय आहे, परंतु ज्याची मोहीम अर्ध्यावर आहे त्याला नवा खेळ सुरू करायला सांगणे हे उत्तर नव्हे.

जमाखर्च
रात्रपाळी, वरच्या प्रतिसादांपैकी कोणीही आपल्याला आकडे विचारलेले नाहीत आणि आपणही दिलेले नाहीत. शहराच्या तपशिलाच्या पानावर सुव्यवस्थेच्या टक्केवारीखाली छोट्या चित्रांच्या दोन ओळी असतात. वरच्या ओळीत शांतता वाढवणाऱ्या गोष्टी आणि खालच्या ओळीत ती घटवणाऱ्या, आणि प्रत्येक चित्र म्हणजे पाच टक्के. ही चित्रे मोजून येथे लिहा. लोकसंख्या किती, दाटी आणि घाण यांचे, म्हणजे खेळातल्या स्क्वॉलरचे, किती टक्के, संस्कृतीच्या फरकाचे किती, राजधानीपासूनच्या अंतराचे किती, सैन्याचे किती, आणि गव्हर्नरचे किती? शेवटचा आकडा सर्वांत महत्त्वाचा आहे. आणखी एक : मोहीम सुरू करताना सर्व शहरांचा कारभार स्वतः पाहण्याच्या पर्यायावर आपण खूण केली होती का?

सैनिकांच्या तुकड्यांच्या आकाराचा संबंध आपण विचारला होता, तो असा. नॉर्मल आकारात त्रिआरींच्या एका तुकडीत चाळीस माणसे असतात, म्हणजे आपल्या दोन तुकड्या मिळून ऐंशी. शहरावरचा वचक ठरतो तो सैनिकांच्या संख्येने, आणि तोही लोकसंख्येच्या प्रमाणात. सैनिक किती कसलेला आहे याला तेथे काडीची किंमत नाही. शेतकऱ्यांच्या तुकडीत साठ माणसे असतात आणि तिचा खर्चही कमी. शिवाय ती त्याच शहरात उभी केली तर तेवढी माणसे लोकसंख्येतूनही कमी होतात.

उत्खनन
आकडे येईपर्यंत एक गोष्ट सांगण्याचा मोह आवरत नाही, कारण ती कॉरिंथचीच आहे. हा खेळ इ.स.पू. 270 मध्ये सुरू होतो. त्याच सुमारास आपल्याकडे अशोक गादीवर येत होता, पण खेळाचा नकाशा भारतापर्यंत पोहोचत नाही. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात मात्र त्या नकाशावरचे पाच राजे आहेत : अंतियोक, तुरमाय, अंतेकिन, मग आणि अलिकसुदर. यांतला अंतेकिन म्हणजे मॅसेडोनियाचा अँटिगोनस गोनाटस, ज्याच्या राज्याकडून आपण कॉरिंथ घेतले. अलिकसुदर म्हणजे एपिरसचा अलेक्झांडर असे काही अभ्यासक मानतात, तर काहींच्या मते तो अँटिगोनसचा पुतण्या, कॉरिंथचा अलेक्झांडर. नालासोपाऱ्याला अशोकाच्या आठव्या आणि नवव्या शिलालेखांचे तुकडे सापडले आहेत. तेरावा तेथे मिळालेला नाही याची मला नेहमी हळहळ वाटते. मिळाला असता तर कॉरिंथच्या राजाचे नाव कदाचित कोकणच्या किनाऱ्यावर वाचता आले असते.

शिलालेख
उत्खनन, फार सुंदर दुवा दिलात. त्या अलेक्झांडरनेही मॅसेडोनियाविरुद्ध बंड केले होते, आणि तो मेल्यावर अँटिगोनसने ताब्यात घेतलेला कॉरिंथचा डोंगरी किल्ला इ.स.पू. 243 मध्ये ग्रीक सेनानी अरॅटसने रात्रीच्या छाप्यात घेतला. हे शहर राखणे कोणालाच सोपे गेलेले नाही.

रात्रपाळी
आकडे मोजले. लोकसंख्या 13,400. सुव्यवस्था आत्ता 95 टक्के, कारण माझा सेनापती शहरातच आहे. दाटी आणि घाण 45, संस्कृतीचा फरक 30, अंतर 15. राजधानी अजून टॅरेंटमलाच आहे. सैन्याचे फक्त 5 टक्के आहेत, हे मी आज प्रथमच पाहिले. गव्हर्नरचे 35, कारण त्याचा इन्फ्लुअन्स, म्हणजे लोकांवरचा प्रभाव, सात आहे. सर्व शहरांचा कारभार स्वतः पाहण्याच्या पर्यायावर मी खूण केली नव्हती. त्याने काही फरक पडतो हे मला ठाऊक नव्हते.

जमाखर्च
मग आपले बंड येथेच सापडले. आपला सेनापती हाच कॉरिंथचा गव्हर्नर आहे. तो वेशीबाहेर पडला की 35 टक्के एका टर्नमध्ये जातात आणि 95 चे 60 होतात. दुसरे असे की, आपण ती खूण केलेली नसल्यामुळे गव्हर्नर नसलेल्या शहराचा कारभार संगणक पाहतो आणि करही तोच ठरवतो. आपण कर कमी ठेवला होता तो सेनापती आत असताना. सध्याची मोहीम सेव्ह करा, सेनापतीला एक पाऊल बाहेर काढा, टर्न संपवा आणि कराची ओळ पाहा.

रात्रपाळी
पाहिले. कर आपोआप एक पायरी वर गेला आहे आणि सुव्यवस्था 50 वर आली आहे. चेहरा लाल. बारा वर्षे मी हीच चूक करत होतो आणि दोष कॉरिंथच्या लोकांना देत होतो.

गडकोट
म्हणजे दुसरा गव्हर्नर नसेल, तर उपाय पुन्हा माझाच. लोकसंख्या 3,350 वर आणा, दाटी नाहीशी होईल.

जमाखर्च
गडकोट, येथे मी आपल्याशी सहमत नाही आणि कारण केवळ दयेचे नाही. जिंकलेल्या शहरातील संस्कृतीच्या फरकाचा मोठा भाग तेथील ग्रीक राजवाड्यामुळे येतो. ती इमारत पाडता येत नाही. तिची पुढची पायरी बांधली तरच ती रोमन होते. त्यासाठी शहराची लोकसंख्या 12,000 लागते आणि कॉरिंथची आज 13,400 आहे. ही पुढची पायरी, म्हणजे प्रोकॉन्सलचा वाडा, आत्ता बांधता येते. त्याने संस्कृतीचा फरकही उतरतो आणि दाटीही कमी होते. आज कत्तल केली तर 12,000 चा टप्पा पुन्हा गाठेपर्यंत ग्रीक राजवाडा तसाच राहील, आणि शहर वाढू लागले की हेच दुखणे परत येईल.

गडकोट
एवढ्या लहान वस्तीत तीस टक्क्यांचा फरकही सहज सोसला जातो, हे आपण गाळले. परंतु वाड्याचा मुद्दा बरोबर आहे. लोकसंख्या 12,000 च्या खाली असती तर मी माझ्या मतावर ठाम राहिलो असतो.

तिसरा प्रहर
दोन गोष्टींची भर घालतो. कॉरिंथच्या प्रदेशात ऑलिंपियाचा झ्यूसचा पुतळा आहे. शहर गेले की पुतळ्याचा लाभही जातो आणि आपल्या इतर शहरांची शांतता घसरते. त्यामुळे हे शहर मुद्दाम बंडाला सोडणे मला धोक्याचे वाटते. दुसरे, तेथे शेतीच्या पुढच्या पायऱ्या बांधू नका. शेते एकदा बांधली की पाडता येत नाहीत, त्यांच्यामुळे माणसे वाढतच राहतात आणि दाटीचा आकडा कधीच खाली येत नाही. मंदिर कोणाचे आहे तेही सांगा.

रात्रपाळी
मंदिर अजून ग्रीकांचेच आहे. मी फक्त दुरुस्त केले होते.

तिसरा प्रहर
मग ते पाडून आपले बांधा. ब्रुटींना मार्स, मर्क्युरी आणि ज्यूनो यांची मंदिरे मिळतात. ज्यूनोमुळे आरोग्य सुधारते आणि शांतता वाढते, पण त्याबरोबर लोकसंख्याही वाढते. म्हणून मी कॉरिंथसारख्या बंदरी शहरात मर्क्युरी निवडतो, व्यापार वाढतो. मंदिराशिवायचे मधले टर्न मात्र सेनापती आत असतानाच काढा.

शिलालेख
मर्क्युरीच्या बाजूने माझेही मत. कॉरिंथचे वैभव सारे व्यापारातलेच होते.

रात्रपाळी
सर्वांचे मनापासून आभार. काल रात्री दहा टर्न खेळलो, ते असे गेले. शेतकऱ्यांच्या चार तुकड्या कॉरिंथमध्येच उभ्या केल्या. घराण्यातील नुकताच वयात आलेला मुलगा टॅरेंटमहून जहाजाने आणून शहरात बसवला. त्याचा इन्फ्लुअन्स अवघा एक आहे, परंतु घराण्याचा माणूस आत असल्यामुळे कर माझ्या हातात राहिला. प्रोकॉन्सलचा वाडा पूर्ण होईपर्यंत मी सेनापतीला हलवले नाही, जरी सिनेटने दोन वेळा निरोप पाठवला. ग्रीक मंदिर पाडून मर्क्युरीचे पहिले मंदिर उभे केले. वाडा झाला तेव्हा संस्कृतीचा फरक 30 वरून 15 वर आणि दाटी 35 वर आली. मग सेनापती बाहेर काढला. सुव्यवस्था 85 टक्के होती, आणि आज चौथ्या टर्नलाही तेवढीच आहे.

थेसालोनिकाचा वेढा सुरू केला आहे. भालाईत, आता आपला प्रतिसाद पुन्हा वाचतो आहे : तटबंदी दोन ठिकाणी फोडायची तर भिंत पाडणारी यंत्रे किती लागतील?

भालाईत
ओनेजरच्या, म्हणजे दगड फेकणाऱ्या यंत्रांच्या, दोन तुकड्या पुरतात. दोन्ही एकाच बाजूला ठेवू नका.