म्युनिकला चौघांचं बिऱ्हाड: भाड्याचं घर पुण्यातून ठरवायचं की तिथे जाऊन?

मुग्धा_चिंचवड

नमस्कार मंडळी. माझ्या नवऱ्याला म्युनिकजवळ नोकरी मिळाली आहे, ऑगस्टमध्ये रुजू व्हायचंय. आम्ही चौघं आहोत. मुलगी सहा पूर्ण, मुलगा दोन वर्षांचा. डिसेंबरात सासूबाई दोनेक महिने येतील म्हणताहेत. कंपनी पहिला महिना फर्निश्ड स्टुडिओ देणार आहे, पण तो एका माणसापुरताच.

मुलं झोपली की रात्री अकरानंतर मी जर्मन साइटवर घरं बघत बसते आणि मेसेज टाकते. एकाचंही उत्तर येत नाही. परवा एक आलं. श्वाबिंग भागात 78 चौरस मीटरचं फर्निश्ड घर, सगळं धरून महिना 1,100 युरो. मालक सध्या लंडनला असतो, त्यामुळे घर दाखवता येणार नाही. दोन महिन्यांचं डिपॉझिट पाठवलं की किल्ली कुरियरने येईल, घर आवडलं नाही तर पैसे परत. पासपोर्टची प्रतही पाठवली आहे त्याने. नवरा म्हणतो एवढं स्वस्त पुन्हा मिळणार नाही. मी अजून पैसे पाठवू दिलेले नाहीत.

खरं सांगायचं तर मला झोप लागत नाही. दोन लहान मुलं घेऊन परक्या देशात उतरायचं आणि घराचा पत्ता नाही, हे मनाला पटत नाहीये. नवऱ्याने आधी जावं की आम्ही सगळ्यांनी एकदमच? कुठल्या भागात बघावं? मुलीच्या शाळेचं काय? आणि बऱ्याच जाहिरातींत फोटोत स्वयंपाकघरच दिसत नाही, ते का?

डोंबिवलीकर_एर्डिंग

पैसे अजिबात पाठवू नका. लंडनचा मालक, कुरियरने किल्ली, पासपोर्टची प्रत, ही फसवणुकीची ठरलेली पद्धत आहे. तो पासपोर्ट बहुतेक आधी फसलेल्या कुणाचा तरी असेल. तुमचे पासपोर्ट त्याला पाठवले असतील तर साइटला कळवा आणि जाहिरातीचे स्क्रीनशॉट जपून ठेवा. बाकीचं सांगलीकर ताई नीट सांगतील.

सांगलीकर_इसारकाठी

मुग्धाताई, तुम्ही हात आखडता घेतलात ते फार बरं केलंत. हिशोबच करून बघा. म्युनिकमध्ये आज जाहिरातीतलं भाडं चौरस मीटरला 20 युरोच्या वरच असतं. 78 चौरस मीटर म्हणजे नुसतं मूळ भाडंच 1,560 च्या पुढे. त्यावर हीटिंग, पाणी, कचरा, जिना झाडणं यांचा मासिक हप्ता येतो, आणि फर्निश्ड असेल तर आणखी वर. श्वाबिंग हा शहरातल्या महागड्या भागांपैकी एक. 1,100 मध्ये ते घर असूच शकत नाही. इथे एकच नियम पाळा: घर आपल्या किंवा ओळखीच्या माणसाने आतून पाहिल्याशिवाय आणि करारावर सही झाल्याशिवाय एक युरोही द्यायचा नाही.

उत्तरं का येत नाहीत, तर तुम्ही रात्री अकराला मेसेज टाकता तेव्हा इथे संध्याकाळचे साडेसात वाजलेले असतात. सकाळी लागलेल्या जाहिरातीवर तोपर्यंत शेकडो अर्ज येऊन पडतात आणि बरेच मालक दुपारीच जाहिरात बंद करतात. तुमच्या दुपारी बारा-साडेबाराला इथे लोक कामाला लागलेले असतात. साइटचा अलर्ट लावा आणि जाहिरात आल्या आल्या, दहा मिनिटांच्या आत, जर्मनमध्ये लिहा. तरीही पुण्यातून कायमचं घर मिळणं अवघड आहे हे स्पष्ट सांगते. मालकाला माणूस डोळ्यांसमोर हवा असतो. घर बघायला जायचं, हस्तांदोलन करायचं, फाइल द्यायची, मग तो दोन दिवसांनी कळवणार, अशी इथली रीत आहे.

म्हणून माझं मत असं, की पहिलं घर तात्पुरतं घ्या आणि ते अख्ख्या कुटुंबाला पुरेल असं घ्या. दोन-तीन महिन्यांसाठी दोन खोल्यांचं फर्निश्ड घर. महाग पडेल, पण ते घेताना एक गोष्ट आधी लेखी विचारा: या पत्त्यावर आनमेल्डुंग करता येईल का? म्हणजे नगरपालिकेत आपली राहण्याची नोंद. राहायला गेल्यापासून दोन आठवड्यांत ती करायची असते आणि त्यासाठी घरमालकाचं सहीचं पत्र लागतं. कंपनीच्या स्टुडिओबद्दलही हेच विचारा. नोंद झाली की टॅक्स नंबर पोस्टाने घरी येतो. तो मिळेपर्यंत पगारातून सहाव्या वर्गाचा, म्हणजे सगळ्यात जास्त, कर कापला जाऊ शकतो. मुलांचा सरकारी भत्ता, बालवाडी, शाळा, सगळ्याला हीच नोंद लागते. आणि पहिल्याच दिवशी पत्रपेटीवर आडनावाची चिठ्ठी चिकटवा. पेटीवर नाव नसेल तर पोस्टमन पत्र परत पाठवतो, आणि इथला सगळा सरकारी कारभार पत्राने चालतो.

आता शाळा, कारण तुमच्या घराचा निर्णय मुलीच्या शाळेवरून व्हायला हवा असं मला मनापासून वाटतं. बव्हेरियात, म्हणजे म्युनिक ज्या राज्यात आहे तिथे, सरकारी प्राथमिक शाळा पत्त्यावरून ठरते. प्रत्येक रस्ता कुठल्या ना कुठल्या शाळेच्या हद्दीत असतो. तिला ते श्प्रेंगेल म्हणतात. घर बदललं आणि हद्द बदलली की साधारणपणे शाळाही बदलते. वर्ष सप्टेंबरच्या मध्यावर सुरू होतं. तुमची मुलगी पहिलीत बसेल, भाषा नवी, मैत्रिणी नव्या, आणि नोव्हेंबरात पुन्हा सगळं सोडून दुसरीकडे जायचं, हे शक्यतो टाळावं. म्हणून तात्पुरतं घर आणि कायमचं घर एकाच गावात किंवा शेजारच्या वस्तीत मिळालं तर बघा. शाळेच्या ऑफिसात प्रत्यक्ष जाऊन भेटा. जर्मन न येणाऱ्या मुलांसाठी काही शाळांत वेगळे वर्ग असतात, ते कुठे आहेत हे तिथेच कळतं. पहिलीतली मुलं भाषा फार भराभर उचलतात, त्याची काळजी करू नका. धाकट्याचं अवघड आहे. 2013 पासून एक वर्ष पूर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला पाळणाघराच्या जागेचा कायद्याने हक्क आहे, पण जागा वेळेवर मिळेलच असं नाही. नोंद झाल्या दिवशी अर्ज टाका.

भाग कुठला, ते ऑफिस कुठे आहे यावर ठरेल. ते आधी कळवा. शहराच्या आत परवडत नसेल तर उपनगरी रेल्वेच्या कडेची गावं बघा. एस-8 वर गेर्मरिंग, एस-1 वर उंटरश्लाइसहाइम, एस-4 आणि एस-6 वर हार, एस-2 वर डाखाऊ. ही सगळी स्वतंत्र गावं आहेत, शाळा, दवाखाने सगळं असलेली. एक मात्र लक्षात ठेवा, जवळजवळ सगळ्या एस गाड्या शहराच्या मधल्या एकाच मार्गावरून जातात. तिथे बिघाड झाला की सगळीकडे खोळंबा. ऑफिसला जाताना तो मधला पट्टा ओलांडावा लागणार नाही असं घर मिळालं तर उत्तम.

खोल्यांचा हिशोब आपल्यासारखा नाही. इथे हॉलही खोलीत मोजतात. आपला टू बीएचके म्हणजे इथलं तीन खोल्यांचं घर. 75 चौरस मीटर म्हणजे सुमारे 807 चौरस फूट, आणि तेही आपल्या कार्पेट एरियासारखं, आतून मोजलेलं. बाल्कनी साधारण पाव मोजतात. माळ्यावरच्या घरात उतरत्या छताखाली एक मीटरपेक्षा कमी उंची असेल तर ती जागा धरतच नाहीत, एक ते दोन मीटर असेल तर निम्मी धरतात. त्यामुळे कागदावर लहान दिसणारं माळ्यावरचं घर पायाखाली मोठं असतं, पण उन्हाळ्यात ते तापतं. आणि जुन्या इमारतीला लिफ्ट नसेल तर तिसऱ्या मजल्यावर बाबागाडी, किराणा आणि दोन वर्षांचा मुलगा एकटीने चढवायचाय, हे घर बघतानाच आठवा.

स्वयंपाकघर दिसत नाही कारण ते खरंच नसतं! पाण्याचा नळ आणि वायरी भिंतीतून बाहेर आलेल्या, बाकी ओटा, कपाटं, शेगडी, सिंक काही नाही. दिवेही नसतात. जुना भाडेकरू आपलं स्वयंपाकघर तुम्हाला विकू बघतो, त्याला आब्लोझं म्हणतात. किमतीवर घासाघीस करा, वय विचारा, आणि काय काय मिळणार ते यादी करून करारात लिहून घ्या. पहिल्या वर्षी तरी तयार स्वयंपाकघर असलेलंच घर शोधा. लहान मुलं घरात असताना आठ आठवडे ओटा येण्याची वाट बघणं फार जड जातं.

फाइल एकाच पीडीएफमध्ये करा: नोकरीचा करार, असतील तितक्या पगाराच्या पावत्या, पासपोर्ट आणि व्हिसा, कंपनीचं पत्र, आणि पुण्यात भाड्याने राहत असाल तर तिथल्या मालकाचं “भाडं थकलेलं नाही” असं पत्र. ही फाइल घर बघायला गेल्यावर द्यायची, नुसत्या जाहिरातीला पाठवायची नाही. सगळे शुफाचा दाखला मागतात. तो इथल्या उधारीच्या इतिहासाचा असतो आणि नव्याने आलेल्याचा इतिहासच नसतो. ते सरळ पत्रात लिहा, समजूतदार मालक कंपनीच्या पत्रावर भागवतो. मुलं आहेत हे लपवू नका. पत्रात चार ओळी कुटुंबाबद्दल असल्या की खाजगी मालक थांबून वाचतात. कंपनीच्या आतल्या नोटीस बोर्डावर मात्र नक्की लिहा. माझ्या ओळखीतल्या बऱ्याच मराठी कुटुंबांना घर सहकाऱ्याच्या शब्दावर मिळालंय.

करार हातात आला की घाई करू नका. डिपॉझिट मूळ भाड्याच्या तिप्पटीपेक्षा जास्त मागता येत नाही, आणि ते तीन समान मासिक हप्त्यांत देण्याचा हक्क भाडेकरूला कायद्यानेच आहे. दलाल मालकाने नेमला असेल तर दलाली मालकाची, हा कायदा 2015 पासून आहे. भाडेकरूला तीन महिन्यांची नोटीस देऊन सोडता येतं, पण करारात काही वर्षं सोडणार नाही असं कलम घातलेलं असू शकतं. ते शोधा. भाडं दरवर्षी ठरलेल्या पायरीने किंवा महागाईच्या निर्देशांकाने वाढणार आहे का, तेही बघा. काही शंका आली तर भाडेकरू संघटनेचे सभासद व्हा, वकिलाचा सल्ला मिळतो. ताबा घेताना प्रत्येक ओरखड्याचा फोटो, मीटरचे आकडे, आणि दोघांच्या सह्यांचा कागद. डिपॉझिट परत मिळणं यावरच ठरतं.

सासूबाईंचं: पाहुणे काही आठवडे राहिले तर परवानगी लागत नाही. दोन महिने राहणार असतील तर मालकाला आधी सांगून ठेवा, संबंध चांगले राहतात.

कोथरूड_हाम्बुर्ग

ताईंचं सगळं पटलं. फक्त मुग्धाताई, “नवरा आधी” हा सल्ला तुम्हाला खूप जण देतील, तो डोळे मिटून ऐकू नका. माझी बायको दोन मुलांना घेऊन नंतर एकटी आली. फ्रँकफर्टला विमान बदलताना धाकट्याला ताप होता. त्याआधीचे महिने तिने पुण्यातलं घर रिकामं करण्यात एकटीने काढले. घर शोधायला नवरा मोकळा असतो हे खरं, पण त्या मोकळेपणाचा भार दुसरंच कुणीतरी उचलतं.

सांगलीकर_इसारकाठी

तुमचं म्हणणं अगदी खरं आहे, आणि मीही म्हणूनच तात्पुरतं घर चौघांना पुरेल असं घ्या म्हटलं. ते मिळत असेल तर एकत्र या. मिळत नसेल तरच नवऱ्याने दोन-तीन आठवडे पुढे यावं, त्याहून जास्त नाही. शाळा सुरू व्हायच्या आधी मुलगी इथे पोचली पाहिजे.

मुग्धा_चिंचवड

सगळ्यांचे मनापासून आभार. काल नवऱ्याला हे सगळं वाचून दाखवलं, लंडनवाल्याला नकार कळवला. ऑफिस गार्शिंगला आहे. कंपनीला आनमेल्डुंगचं विचारलं तर स्टुडिओत फक्त त्याचीच नोंद होईल म्हणाले. आणि एक बारीकसारीक विचारू का? कुकर आणि मिक्सर आणू का?

सांगलीकर_इसारकाठी

गार्शिंग म्हणजे यू-6 मेट्रो, मधल्या एस पट्ट्याचा प्रश्नच मिटला. गार्शिंग हे वेगळं गाव आहे, म्हणजे नोंद, शाळा, पाळणाघर सगळं तिथल्या नगरपालिकेतून, म्युनिकच्या नाही. विद्यापीठाचा मोठा परिसर तिथे असल्यामुळे फर्निश्ड तात्पुरती घरं निघतात, आधी तिथेच बघा. मग म्युनिकच्या आत यू-6 वरच फ्रायमान, आणि बसने जाता येईल असं उंटरश्लाइसहाइम. कंपनीला सांगा, स्टुडिओऐवजी तेवढीच रक्कम कुटुंबाच्या घरासाठी द्या. बऱ्याच कंपन्या विचारल्यावर ऐकतात.

मिक्सर आणा, वीज इथेही 230 व्होल्टच आहे, फक्त प्लगचा अडॅप्टर घ्या. कुकर इंडक्शनवर चालणारा, सपाट बुडाचा घ्या. इथे गॅस क्वचितच असतो. फोडणी देताना आणि नंतर खिडक्या पूर्ण उघडून पाच-दहा मिनिटं हवा खेळती ठेवा, हिवाळ्यातसुद्धा, दिवसातून तीन-चारदा. भिंतीला बुरशी आली तर मालक डिपॉझिटमधून कापायला बघतो.

मालकाला लिहायच्या पत्राचा मसुदा मराठीत लिहून मला व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मी जर्मन करून देते.