मदत हवी आहे: शिशाचे जुने सांगाडे आणि बुडालेल्या खलाशांची फौज

नमस्कार मंडळी. नॉटिंगहॅमला आल्यावर इथलं छोट्या पुतळ्यांच्या युद्धखेळांचं खूळ मलाही लागलं. एका जुन्या बाजारात सिटाडेल कंपनीचे ऐंशीच्या दशकातले एकोणीस सांगाडे (छोटे पुतळे) मिळाले, सगळे शिशाच्या मिश्रधातूचे. वॉरहॅमर या युद्धखेळासाठी त्यांची समुद्रात बुडालेल्या खलाशांची फौज करायची आहे.

जुना रंग काढायला डेटॉलमध्ये बुडवले. रंग सुटला, पण मी शहाण्यासारखे ते थेट नळाखाली धरले आणि सगळ्याचा चिकट डांबरासारखा लगदा झाला. (आधी डेटॉलमध्येच ब्रशने घासून मग साबण लावायचा, हे नंतर कळलं.) ते निस्तरलं एकदाचं.

आता खरी अडचण. तिघांच्या पायांवर पांढरी भुकटी धरली आहे. शिशाला लागणारी कीड हीच ना? ओकच्या कपाटातल्या आम्लाच्या वाफांनी ती होते म्हणतात. घासून प्रायमर मारला तर थांबेल, की हे तिघे बाजूलाच ठेवू?

दुसरं, भाल्यांच्या जागी वल्ही द्यायची आहेत. मनगट जेमतेम २ मिमी जाडीचं. ०.५ मिमीचं भोक पाडून तार घालावी, की नुसतं सुपरग्लू पुरेल? शेवाळ आणि शिंपले ग्रीन स्टफचे (दोन भाग मळून वापरायची इपॉक्सी पुटी) करतोय, पण बोटांना चिकटून जीव खातंय.

आणि हाडं पांढरी न दिसता पाण्यात कुजलेली दिसायला हिरवट वॉश (खाचांत उतरणारा पातळ रंग) आधी द्यावा की तपकिरी? कानस मारताना मास्क लावतोय, त्यामुळे ते सोडून बाकी सगळं सांगा.