छताच्या सांगाड्याला स्टील की ॲल्युमिनियम?

मालवणच्या एका पर्यटक होडीवर छत बसवायचंय, आणि त्याच्या सांगाड्यासाठी ‘हलकं म्हणून ॲल्युमिनियमच घ्या’ असं एकाने सुचवलंय. वजनाचं खरं आहे, त्याच मापाचा पाइप स्टीलच्या साधारण एक तृतीयांश भरतो. पण ताठपणाही तेवढाच कमी, म्हणजे पाइप जाड घ्यावा लागतो. शिवाय होडीत चढताना माणसं हमखास छताचा खांबच धरतात. त्यामुळे कायम उभ्या छताला मी स्टेनलेस स्टीलच सुचवेन. रोज घडी करायचं असेल किंवा होडी गोड्या पाण्यात असेल, तर ॲनोडाइज्ड (वर संरक्षक ऑक्साइडचा थर चढवलेलं) ॲल्युमिनियम उत्तम.

खरा घोळ जोडावर होतो. ॲल्युमिनियमच्या पाइपात स्टीलचा स्क्रू थेट बसवला की खाऱ्या पाण्यात ॲल्युमिनियम झिजायला लागतं. स्क्रूभोवती पांढरी भुकटी दिसली की समजा, आत भोक मोठं होतंय. मध्ये नायलॉनचा वॉशर आणि सीलंट हवंच.

स्टेनलेस स्टीलमध्ये ३०४ ग्रेड नको, ३१६ मागा. त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम हा धातू असतो, म्हणून मिठाने खड्डे कमी पडतात. चुंबक लावून हे दोन ओळखता येत नाहीत, तेव्हा बिलावर ग्रेड लिहून घ्या. आणि वेल्डिंगचा निळा-काळा डाग पिकलिंग पेस्टने (आम्लाच्या लेपाने) काढायला लावा, गंज बहुतेकदा तिथूनच सुरू होतो.